हळद न लागणारी पत्रिका

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना आता हळद लागत नाही. ओलं बोट टेकवलं की थेंब जागच्या जागी गोळा होऊन बसतो, आणि पत्रिका जरा उभी धरली की ओघळ थेट ‘चि. सौ. कां.’च्या नावावरून खाली उतरतो. वाळलाच तर त्याचा पापुद्रा होतो आणि पिशवीतून पत्रिका बाहेर काढेपर्यंत झडून जातो. छापखान्यांनी यावर तोडगा काढलाय. चारही कोपऱ्यांत हळदकुंकवाची बोटं छापूनच येतात. म्हसावदला आमच्याकडे अशी पत्रिका आली तेव्हा थोरल्या काकूंनी कोपरा नखाने खरवडून पाहिला, मग खात्री करून घ्यायला बोट बुडवून पुन्हा लावून पाहिलं. “यावर हयद लागसच नई,” असं म्हणून त्यांनी पत्रिका देवासमोर ठेवली आणि कुंकू तिच्या शेजारी पाटावर वाहिलं.

आमच्या लहानपणी पत्रिकांचे गठ्ठे शहाद्याहून एसटीने यायचे. दुपारी ओट्यावर बायका बसायच्या. ताटलीत हळद कालवलेली, वाटीत कुंकू. एकीने कोपरे रंगवायचे, दुसरीने पत्रिका पसरून ठेवायच्या, आणि अक्षर बरं असलेल्या पोराने शाईच्या पेनाने नावं घालायची. कागद हळद प्यायचा, इतकी की मागच्या बाजूलाही पिवळा डाग दिसायचा. पहिली पत्रिका गणपतीला, मग कुलदैवताला. कुणाची धुळ्याची एकवीरा, कुणाची सप्तशृंगी. मग मामाला. घरच्या ट्रंकेत त्यातल्या काही अजून आहेत. सर्वांत जुनीवर गावाच्या नावाखाली ‘प. खानदेश’ आहे, पुढच्यांवर ‘जि. धुळे’, त्यानंतरच्यांवर ‘जि. नंदुरबार’. तिन्हींच्या कोपऱ्यांवरची हळद फिकी झाली आहे, पण जागची हललेली नाही.

हा सगळा फरक कागदाच्या पाठीवरच्या चकाकीचा आहे. साधा कागद म्हणजे लगद्यातल्या तंतूंचा थर, गव्हाचं काड पसरून दाबून बसवावं तसा. दिसायला सपाट, पण आत फटी आणि पोकळ्या. शाईतलं तेल त्या पोकळ्यांत शिरतं, रंग तंतूंना धरून राहतो. याच कागदाला चिनी माती किंवा खडूसारखी कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी चिकटद्रव्यात कालवून लेप दिला, आणि मग भल्यामोठ्या रुळांमधून दाबून, घोटून काढला, की झाला आर्ट पेपर. फटी बुजल्या, खाचखळगे भरले. आता पडलेला प्रकाश इकडेतिकडे न विखुरता एका दिशेने परत फिरतो, म्हणून कागद चकाकतो. आणि शाईला आत जायला वाटच फारशी उरत नाही, म्हणून ती वर राहते. आजची पत्रिका तर त्याच्याही पुढे गेली. आर्ट कार्डावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवतात, त्याला लॅमिनेशन म्हणतात. आर्ट पेपर निदान घोटभर तरी पितो. प्लास्टिक काहीच पीत नाही.

कागद घोटायची विद्या आपल्याकडेही जुनीच. आमच्याच खानदेशात एरंडोल हातकागदासाठी एकेकाळी प्रसिद्ध होतं, आणि तिकडे खुलताबादजवळचं कागजीपुरा तर त्या नावानेच ओळखलं जातं. हातकागदाला खळ द्यायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घासून घासून तुकतुकीत करायचा, ही त्याची जुनी रीत. पण ती चकाकी बोरूसाठी होती. खळ दिली नाही, घोटलं नाही, तर शाई फुटायची आणि अक्षराला केस यायचे. म्हणजे कागदाला पिऊ द्यायचं, पण अक्षरापुरतंच. आजची चकाकी डोळ्यांसाठी आहे, हाताचा त्यात विचार नाही.

माझ्या मामांचा शहाद्याला छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस आणि कागद कापायचं एक जड यंत्र. सुट्टीत मी तिथे पडीक असायचो. पायाने पायडल मारत मशीन चालायचं. वरच्या गोल तबकडीवर शाई, तिच्यावरून रूळ फिरून खिळ्यांवर यायचे, आणि जबडा मिटला की कागदावर ठसा. पावतीपुस्तकं, कापसाच्या पट्ट्या, वर्गणीच्या पावत्या, गणपतीची हँडबिलं, पतपेढ्यांचे अहवाल. कागदही तसाच ठरलेला. पावतीला पातळ रंगीत, अहवालाच्या आत क्रीमवोव्ह, जरा बरं गिऱ्हाईक असेल तर मॅपलिथो. आर्ट पेपरची रिमं वेगळ्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेली. त्यांना हात लावायची आम्हाला बंदी होती, कारण घामेजल्या बोटाचा ठसा त्यावर कायमचा बसायचा.

त्या छपाईला उंची असायची. कागद उलटा करून बोट फिरवलं की मागून अक्षरं लागायची. नवीन खिळा असला तर पूर्णविराम कागदाला भोक पाडायचा. दाब सगळीकडे सारखा येत नसे, म्हणून मामा जबड्यावरच्या कागदाखाली पातळ कागदाचे कपटे चिकटवत बसायचे. इथे अर्धा कपटा, तिथे एक, पुन्हा एक ठसा काढून उजेडात तिरका धरून बघायचा. त्याला मेकरेडी म्हणत. एका पत्रिकेसाठी अर्धा तास मेकरेडी आणि मग दोन तासांत काम फत्ते.

रडगाणं असायचं ते फोटोचं. फोटो छापायला जस्ताचा ब्लॉक लागायचा, तो मोठ्या शहरातून करून यायचा. ब्लॉकवर चित्र म्हणजे नुसते ठिपके, काळोखात मोठे, उजेडात बारीक. साध्या कागदावर ते ठिपके दोन प्रकारे दगा देत. खळग्यात कागद ब्लॉकला टेकायचाच नाही, म्हणून ठिपका गायब. आणि टेकला तिथे शाई पसरून ठिपका फुगायचा, शेजारच्याला चिकटायचा. म्हणून खडबडीत कागदासाठी ब्लॉकच जाड ठिपक्यांचा घ्यावा लागे. वर्तमानपत्रासाठी इंचाला ६५ ते ८५ ओळी, आर्ट पेपरवर १३३ किंवा १५० चालतात. निवडणुकीत पॅनलप्रमुख बारीक जाळीचा ब्लॉक घेऊन यायचे, कारण तो ‘भारी’ असं कुणीतरी सांगितलेलं. आणि हँडबिलाचा कागद मात्र स्वस्तातला, गुलाबी. परिणाम असा की उमेदवाराच्या चेहऱ्यावर टोपीखाली काळा डाग आणि त्यात दोन पांढरे ठिपके. म्हसावदच्या बाजारात एका वर्षी दोन विरोधी उमेदवारांची हँडबिलं एकाच टपरीवर चिकटवली होती. निशाणीखेरीज दोघांत फरक करणं अवघड होतं.

टपरीवर चिकटणाऱ्या कागदाबद्दलही सांगायला हवं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत तमाशाचे फड यायचे, त्यांची पोस्टरं गावोगाव लागायची. पिवळा, गुलाबी, पोपटी पातळ कागद. त्याला एका बाजूला चकाकी आणि दुसरी बाजू खरखरीत. कागद बनताना एका मोठ्या तापलेल्या गुळगुळीत सिलिंडरवर वाळतो, म्हणून सिलिंडरला लागलेली बाजूच तेवढी तुकतुकीत होते. छपाई चकचकीत बाजूला, खळ खरखरीत बाजूला. इतका शहाणा कागद मी दुसरा पाहिला नाही. आज त्याच जागी फ्लेक्स लागतो. वाढदिवस, निवड, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, सगळं सारख्याच झळाळीत. दुपारी बाराच्या उन्हात तो असा तळपतो की जवळून जाताना चेहरा दिसत नाही, बाजूला सरकून बघावं लागतं.

पण छापखान्यातला खरा सोहळा दिवाळीनंतर असायचा. शिवकाशीहून कॅलेंडरं यायची. लक्ष्मी, राम दरबार, शंकर-पार्वती, गुबगुबीत बाळकृष्ण, रंग असे की अंधारात उठून दिसावेत. त्यांच्या खाली चार बोटं कोरी पट्टी. त्या पट्टीत आमच्याकडे दुकानाचं नाव छापायचं. किराणा दुकान, कापड दुकान, अडत, कृषी सेवा केंद्र. व्यापाऱ्याला डिसेंबर संपायच्या आत माल हवा असायचा, आणि कागद होता चकचकीत. साध्या कागदावर शाई मुरते, म्हणून छापलेला गठ्ठा एकावर एक रचला तरी चालतो. इथे शाई वरच बसलेली. ती हवेनेच घट्ट व्हायची, आणि डिसेंबरच्या गारठ्यात तिला घाई नसायची. चार कॅलेंडरं एकावर एक ठेवली की वरच्याच्या पाठीवर खालच्या दुकानाचं नाव उलटं उमटलंच. म्हणून मामा शाईत ड्रायर घालायचे, थेंब मोजून. जास्त पडला तर शाई रुळावरच सुकायची. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळ्या बांधून कॅलेंडरं लटकवायची. त्या आठवड्यात छापखान्यात वाकून चालावं लागायचं. डोक्यावर देवांच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या पायाशी ‘खते व बियाणे मिळतील’.

त्यातही कुणीतरी ‘वाळलं का?’ म्हणून अंगठा टेकवायचाच. मग पुढचं वर्षभर ते दुकान अंगठ्यासकट भिंतीवर.

मोठ्या ऑफसेट छपाईलाही हा त्रास होताच, तिथे छापलेल्या तावांवर पिठाची अतिशय बारीक पूड फवारतात, दोन तावांत हवा खेळावी म्हणून. नवं गुळगुळीत पुस्तक हाताळताना कधीकधी हाताला कचकच लागते ती हिचीच. ट्रेडलवाल्यांकडे फवारा कुठला? त्यांच्याकडे सुतळी होती.

आता चकाकीचं आकर्षण आम्हाला होतं का? होतं, प्रचंड होतं. सोव्हिएत मासिकं अगदी कमी वर्गणीत घरी यायची. मजकूर कुणी वाचायचं की नाही देव जाणे, पण जूनमध्ये त्यांच्या पानांना भाव यायचा. वह्यापुस्तकांना कव्हरं! ट्रॅक्टर, गव्हाची शेतं, फर टोपी घातलेली मुलं, आणि कागद असा जाड, गुळगुळीत की वर्गात ज्याच्या वहीला ते कव्हर तो राजा. त्यावर पेनाने नाव लिहिता येत नसे, शाई थेंबाथेंबाने गोळा व्हायची. चिठ्ठी चिकटवली तर डिंक सुटायचा. घडीवर तर आठ दिवसांत पांढरी रेघ उमटायची. आम्हाला वाटायचं कागद झिजला. तो झिजत नव्हता, वरचा मातीचा लेप घडीवर चिरत होता. १९९१ मध्ये तो देशच संपला, आणि खाकी कव्हरं आली. खाकीवर नाव छान उठायचं, पण वर्गात कुणी मान वळवून बघत नसे.

दिवाळी अंकांनी या दोन कागदांची वाटणी फार चांगली केली होती. मुखपृष्ठ आणि चार चित्रं आर्ट पेपरवर, मजकूर साध्यावर. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. रघुवीर मुळगावकर तर रंग फवारून काम करायचे. देवीच्या गालावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये अशी त्यांनी रंगवलेली कातडी. ते सगळं बारीक जाळीच्या ठिपक्यांतच टिकणार, आणि बारीक जाळी चकचकीत कागदावरच उठणार. साध्या कागदावर मुळगावकरांची देवी छापली असती तर गालावर ढग आले असते. त्याच्याही आधी, १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसने चित्रावर व्हार्निश चढवून तैलचित्राची झळाळी आणली होती. घरोघरच्या देव्हाऱ्यात ती चकाकी तेव्हाच शिरली. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीलाही चमक आवडत होतीच. पण ती चित्राला होती. वाचायचा मजकूर चाळीसच्या बल्बखाली वाचायचा असायचा, आणि तिथे मळकट पिवळसर कागद फार सोयीचा. आता बरेच अंक सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुळगुळीत असतात. कथा वाचताना ट्यूबलाइटची पांढरी पट्टी ओळींवर येऊन बसते, ती चुकवायला अंक हलवत राहायचं. जाहिरात मात्र कुठूनही सुरेख दिसते. कागद कुणासाठी निवडलाय ते कळतं.

पावसाळ्यातही फरक कळतो. सातपुड्याच्या पायथ्याला पाऊस लागला की आमच्या घरात एक भिंत ओल धरते. तिच्या कपाटातले साधे अंक फुगतात, वाकडे होतात, पण ऊन दाखवलं की वाचता येतात. गुळगुळीत अंक एकदा भिजून तसाच सुकला की संपला. लेपातलं चिकटद्रव्य ओलं होऊन पानं एकमेकांना धरतात. सोडवायला गेलं की एका पानाचं चित्र दुसऱ्या पानावर.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मला चकाकीचं वावडं आहे. नाही. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा मामांना शेवटचा मोठा हंगाम मिळाला. तालुक्यातल्या सगळ्या पावतीपुस्तकांवर, लेटरहेडवर, शिक्क्यांवर ‘जि. धुळे’चं ‘जि. नंदुरबार’ करायचं होतं. त्यानंतर ऑफसेट आलं, संगणक आला, ट्रेडल भंगारात गेलं. आणि खरं सांगायचं तर लोकांचे चेहरे पहिल्यांदा चेहऱ्यासारखे दिसायला लागले. शहादा भागात पपई भरपूर, आणि तिच्यावरचा रिंग स्पॉट विषाणू हा शेतकऱ्याच्या पोटावरचा धोंडा. त्याची लागण झालेली पानं कशी दिसतात, केवडा कोणता आणि नुसती अन्नद्रव्याची कमतरता कोणती, फळावरची वलयं कशी, हे सांगणारं माहितीपत्रक साध्या कागदावर काढलं तर सगळंच पिवळट. आर्ट पेपरवर हिरव्याच्या आणि पिवळ्याच्या छटा वेगळ्या होतात, कारण शाई वर राहून रंग दाट दिसतो आणि ठिपका फुगत नाही. पानाशेजारी पत्रक धरून माणूस ठरवू शकतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात आदिवासी बायकांच्या अंगावरची चांदी, तिचं नक्षीकाम, काळ्या-पांढऱ्या ब्लॉकमध्ये नुसतं पांढरं फटक यायचं. आज त्या चांदीतला कडी न् कडीचा फरक छापील फोटोत दिसतो. एवढं चकाकीचं देणं मान्य करायलाच हवं.

गावात आता ट्रेडल नाही, पण इंकजेट आहे. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ग्लॉसी फोटो पेपरची पाकिटं असतात, १८० जीएसएम. हा कागद वेगळाच प्राणी. चकाकतो आणि पितोसुद्धा. त्याच्या लेपात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात, इंकजेटची पातळ शाई त्यात ओढली जाते. पण एकाच बाजूने. कागद उलटा गेला की पासपोर्ट फोटोतला माणूस मिनिटभरात गळायला लागतो, आधी भुवया, मग शर्ट. तोच दुकानदार कधी घाईत ऑफसेटचं आर्ट कार्ड मशीनमध्ये घालतो. तिथेही तेच. तेलाच्या शाईसाठी घोटलेला कागद पाण्याच्या शाईला उभं करत नाही. शाळा भरायच्या दिवसांत त्याच्या दुकानात अशा गळालेल्या पोरांचा ढीग पडलेला असतो.

पत्रिकांसाठी आमची माणसं आता सुरतेला जातात. एका कार्डाच्या दुकानात मी गेलो होतो, पुतण्याच्या लग्नाच्या निमित्ताने. समोर ढीग चकचकीत, स्पॉट यूव्हीची चमक, सोनेरी पन्नी. मी विचारलं, साधा कागद आहे का, खरखरीत? दुकानदाराने आतून एक खोकं आणलं. जाड, दाणेदार, कडा फाटल्यासारख्या, हातकागदाचा. भाव चकचकीत कार्डाच्या दुपटीहून जास्त. “आजकाल पार्टीलोक हेच मागतात,” तो म्हणाला. माझ्या भावाने भाव ऐकून खोकं सौम्यपणे परत सरकवलं. आम्ही चकचकीतच घेतल्या.

साधा कागद स्वस्तात टिकून राहिला आहे तो शाळेत. बालभारती १९६७ साली सुरू झाली, तिच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानावर मुद्रक, मुद्रणादेश यांच्याबरोबर कागदही नोंदलेला असतो: ७० जी. एस. एम. क्रीमवोव्ह. मधल्या काळात या पुस्तकांत वहीची पानंही घातली होती, ‘माझी नोंद’ म्हणून. ती कल्पना सरकारने नंतर मागे घेतली. पण मुलांना नोंद करायला वेगळं पान कधी लागलं? आतली चित्रं आता रंगीत असतात, जरा मरगळलेली दिसतात, कारण क्रीमवोव्ह रंग पिऊन टाकतो. कव्हर मात्र चकचकीत कार्डाचं, त्यावर शिसपेन नुसती घसरते. म्हणून कव्हरवरची मुलं वर्षअखेरीलाही तशीच गोरीगोमटी राहतात. आतल्या पानांवरच्या थोर पुरुषांना जुलैपर्यंत मिशा फुटतात, ऑगस्टपर्यंत चष्मे येतात, आणि इतिहासाच्या पुस्तकात तर काही राण्यांनाही दाढी आलेली मी स्वतः पाहिली आहे. ती खोडरबराने पुसू गेलं की कागदाला लव येते आणि दाढी आणखीच खरी वाटायला लागते.